इंडियाला जाऊन यायचं की इथेच थांबायचं? स्टॅम्पवाले, बिनस्टॅम्पवाले आणि सिटिझन पोरांचे आईबाप

जुलै २०२१ संपत आलाय आणि गेल्या तीन आठवड्यांत हा एकच प्रश्न मला पाच जणांनी विचारला, एकीने तर न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर भेंडी निवडता निवडता. एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहोत, सांगलीला बाबांचं ऑपरेशन आहे, जाऊ का? गेलो तर परत येता येईल का? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एप्रिल-मेमध्ये ज्यांनी घरच्यांचं शेवटचं दर्शन फोनच्या स्क्रीनवर घेतलं त्यांना "थांब जरा, पुढच्या वर्षी जा" असं तोंड वर करून सांगवत नाही, म्हणून जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे जे मला माहितीय ते सगळं एकत्र टाकते. मी लॉयर नाही. पण एक्स्टेंशन, स्टॅम्पिंग, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) ही सगळी कागदं आमच्या घरात दहा वर्षं फिरतायत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. अमेरिकेत राहायची परवानगी वेगळी आणि अमेरिकेत शिरायची परवानगी वेगळी. राहायची परवानगी म्हणजे आय-७९७ हे मंजुरीचं पत्र आणि त्याच्या खाली फाडून घ्यायचा किंवा साइटवरून काढायचा तो आय-९४, ज्यावर किती तारखेपर्यंत राहता येईल ते असतं. शिरायची परवानगी म्हणजे पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा, ज्याला आपण सगळे स्टॅम्प म्हणतो. इथे बसून असाल तर स्टॅम्प २०१८ ला संपला तरी कोणी विचारत नाही, बाहेर पाऊल टाकलंत की मात्र फक्त स्टॅम्पच विचारतात. आणि आता या दोघांच्या वर तिसरं कुलूप आलंय, ते म्हणजे ट्रॅव्हल बॅन. ४ मे २०२१ पासून, आधीच्या १४ दिवसांत जो कोणी नॉन-इमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस भारतात होता त्याला थेट अमेरिकेत घेत नाहीत. हा बॅन उठेल उठेल म्हणून सगळे बघत होते, पण परवा व्हाइट हाउसने सांगितलं की डेल्टामुळे सध्या काही उठत नाही.

म्हणजे तुम्हाला स्वतःला दोन प्रश्न विचारायचेत: माझा स्टॅम्प चालू आहे का, आणि मला बॅन लागतो का. बाकी तिकीट, सुट्टी, पैसे हे सगळं नंतर.

बॅन कोणाला लागत नाही ते आधी सांगते कारण हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही हे उघड आहे, त्यांच्या नवरा-बायकोला पण नाही. पण खरी गंमत पुढे आहे, तुमचं मूल इथे जन्मलेलं म्हणजे सिटिझन असेल, २१ च्या आतलं आणि अविवाहित असेल, तर त्याच्या आईबापाला बॅन लागत नाही! दोघांनाही. इथे एडिसनमध्ये एच-१ (म्हणजे एच-१बी) आणि एच-४ (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर असलेली किती जोडपी आहेत ज्यांची पोरं इथल्याच हॉस्पिटलात झालीत, आणि ती बिचारी तीन महिने १४ दिवसांच्या क्वारंटाइनचे हिशोब करत बसलीयत. मूल बरोबर प्रवासात असायलाच पाहिजे असं बॅनच्या सरकारी घोषणेत लिहिलेलं नाही, पण मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच्या माणसाला ते पटवण्यापेक्षा मुलाचा अमेरिकन पासपोर्ट आणि जन्मदाखला, निदान त्याच्या कॉप्या, हाताशी ठेवा आणि त्या घोषणेचा प्रिंट पण ठेवा, तिथे कोणी तुमच्याशी वाद घालायला वेळ काढणार नाही, सरळ बाजूला उभं करतील.

आता पर्याय.

थांबणं. याला लोक काहीच न करणं समजतात, पण तसं नाही, थांबायचं तरी कागद हलवावे लागतात. एक्स्टेंशन सहा महिने आधीपासून टाकता येतं, आय-९४ संपायच्या आत अर्ज पोचला असेल तर निकाल यायला उशीर झाला तरी त्याच कंपनीत २४० दिवस काम करता येतं. कंपनीने २५०० डॉलर भरून प्रीमियम केलं तर १५ दिवसांत कळतं. हे झालं एच-१ चं. एच-४ चं दुखणं वेगळंच, तिला प्रीमियम नाही, तिची फाइल वेगळी पडून राहते, आणि एच-४ ईएडी म्हणजे काम करायची परवानगी संपली की नोकरी तिथल्या तिथे बंद, मग नवऱ्याचं अप्रूव्हल फ्रेम करून भिंतीवर लावलं तरी काय उपयोग. यातली एकच बरी बातमी म्हणजे १७ मे पासून एच-४ चं बायोमेट्रिक दोन वर्षांसाठी थांबवलंय, त्यामुळे फिंगरप्रिंटच्या अपॉइंटमेंटची वाट बघत जी महिने-महिने फाइल अडायची ते तरी गेलं. थांबणाऱ्यांनी अजून एक बघा, पासपोर्टची तारीख. मागच्या वेळी आत येताना पासपोर्ट लवकर संपणार असेल तर ऑफिसर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, आय-७९७ वर भले २०२३ लिहिलेलं असो. आमच्या ओळखीत एकाला हे लायसन्स रिन्यू करायला गेल्यावर कळलं.

थांबण्याचा फायदा काय तर पगार चालू, नोकरी जागेवर, आणि देव न करो नोकरी गेलीच तर ६० दिवसांची मुदत मिळते दुसरी शोधायला. भारतात अडकलेलं असताना नोकरी गेली तर ते ६० दिवस कुठले, परत येण्याचं कारणच संपलं. तोटा काय तो तुम्हाला माहितीय, तो मी लिहीत नाही.

जाणं, चालू स्टॅम्पवर. हा सगळ्यात बरा गट. कंपनी बदलली असेल तरी जुन्या कंपनीच्या नावाचा चालू स्टॅम्प आणि नव्या कंपनीचं आय-७९७ यावर येता येतं, नवीन स्टॅम्प लागत नाही, याबद्दल उगाच भीती पसरलीय. यात मूल सिटिझन असेल तर तुमच्यासाठी बॅन नाही, स्टॅम्प आहे, म्हणजे सरळ जा आणि सरळ या. जाताना ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर एअर सुविधा या भारत सरकारच्या साइटवर अपलोड, येताना ३ दिवसांच्या आतली टेस्ट, आणि फ्लाइट म्हणाल तर नेहमीची शेड्यूल्ड विमानं मार्च २०२० पासून बंदच आहेत, एअर बबलमधली (दोन देशांनी आपसात ठरवून सोडलेली) जी मिळेल ती.

मूल सिटिझन नसेल, किंवा मूल नसेलच, तर चालू स्टॅम्पवाल्यांना १४ दिवस तिसऱ्या देशात काढायचे. आता हे वाटतं तितकं सोपं नाही आणि वाटतं तितकं अवघड पण नाही. दुबई म्हणत असाल तर विसरा, एप्रिलच्या शेवटापासून यूएईने भारतातून येणाऱ्यांना बंदी घातलीय. मालदीव १५ जुलैपासून आपल्या टुरिस्टांना परत उघडलंय. मेक्सिको लोकांना आवडतो कारण चालू अमेरिकन व्हिसा असेल तर वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही आणि तिथे क्वारंटाइन पण नाही. पण तिकडे जाताना फ्रँकफर्ट-पॅरिसवरून गेलात तर लक्षात ठेवा की युरोपातले शेंगेन देश पण बॅनच्या यादीत आहेत, विमानतळावर नुसते बसलात तरी ते धरलं जातं, मोजणी मेक्सिकोत उतरल्यापासून. आणि १४ म्हणजे घासून १४ करू नका, १५-१६ रात्री धरा. चार माणसांचं कुटुंब असेल तर एवढ्या रात्रींचं हॉटेल, खाणं, टेस्ट, आणि त्यात लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम, कॅनकूनला जाऊन स्टँडअप कॉल करणारे आहेत आपल्यात! हसू येतं पण पर्याय काय. सगळ्यात मोठी रिस्क खर्चाची नाहीच, तुम्ही मध्येच असताना त्या देशाने किंवा अमेरिकेने नियम बदलला तर काय, ही आहे. आणि तिथे पॉझिटिव्ह आलात तर अजून दिवस.

इथे एक गैरसमज तोडायलाच हवा. "स्टॅम्प संपलाय पण मेक्सिकोतून तर संपलेल्या स्टॅम्पवर येता येतं ना" असं मला दोघांनी विचारलं. येतं, पण फक्त अमेरिकेतून मेक्सिको किंवा कॅनडाला ३० दिवसांच्या आत जाऊन आलात तर. मध्ये भारत केलात की ती सवलत संपली.

जाणं, संपलेल्या स्टॅम्पवर. इथे माझं मत स्पष्ट आहे, घरात अगदी तसंच काही कारण नसेल तर नका जाऊ. मूल सिटिझन असलं तरीही. कारण मूल तुमचा बॅन काढतं, स्टॅम्प देत नाही. ३ मे पासून भारतातल्या कॉन्सुलेटनी रूटीन अपॉइंटमेंट रद्द केल्या, जूनमध्ये स्लॉट उघडले ते विद्यार्थ्यांसाठी, आणि ते बरोबरच आहे, त्यांची कॉलेजं ऑगस्टमध्ये सुरू होतात. पण आपण रांगेत कुठे आहोत ते बघा. आपल्या आधी २०२० चे लोक उभे आहेत, गेल्या वर्षी २४ जूनपासून ३१ मार्च २०२१ पर्यंत बाहेर असलेल्यांना नवीन एच-१ स्टॅम्पच देत नव्हते, ती सगळी मंडळी अजून नाशिक-पुण्यात बसून रात्री अडीचला क्लायंट कॉल घेतायत.

कागदावर सोय चांगली आहे. ड्रॉपबॉक्सची मर्यादा मार्चमध्ये वाढवली, त्याच प्रकारचा व्हिसा संपून ४८ महिने झाले नसतील तर इंटरव्ह्यूशिवाय होतं, ही सवलत या डिसेंबरअखेरपर्यंत आहे. डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म भरा, माणशी १९० डॉलर फी भरा, कागद टाका. पण टाकायला तारीखच मिळत नसेल तर ड्रॉपबॉक्स असून नसून सारखाच. इमर्जन्सी अपॉइंटमेंट मागता येते, त्यासाठी आधी साधी तारीख बुक करून मग विनंती टाकावी लागते, आणि "माझी नोकरी जाईल" हे त्यांच्या लेखी इमर्जन्सी असेलच असं नाही. त्यात ज्यांना बॅन लागतो त्यांना वर एनआयई म्हणजे नॅशनल इंटरेस्ट एक्सेप्शन (देशहितासाठी बॅनमधून सूट) पण मागायचं, ते हेल्थकेअर किंवा क्रिटिकल इन्फ्रास्ट्रक्चरमधल्यांना मिळतंय, आणि मिळालंच तर या महिन्यापासून १२ महिने चालतं, पूर्वीसारखं ३० दिवसांत एकदाच असं नाही. साध्या सर्व्हिस कंपनीतल्या माणसाने त्यावर भिस्त ठेवू नये. आणि सगळं जुळून आल्यावर २२१-जी ची, म्हणजे तपासणीसाठी व्हिसा तूर्त अडवल्याची चिठ्ठी हातात पडली तर पुढे किती आठवडे ते कॉन्सुलेटच जाणे.

नोकरीचं पण आधीच लेखी घ्या. मॅनेजर तोंडाने "शुअर, टेक युवर टाइम" म्हणतो, मग एचआर सांगतं की भारतातून काम करता येणार नाही, टॅक्सचा प्रश्न आहे, बँकेचा क्लायंट असेल तर लॅपटॉप तिकडे चालूच होणार नाही. किती आठवडे तिकडून काम चालेल ते ईमेलवर पाहिजे. एक छोटा दिलासा, बाहेर काढलेले दिवस एच-१ च्या सहा वर्षांच्या मर्यादेत मोजले जात नाहीत, ते नंतर मागून घेता येतात, बोर्डिंग पास आणि शिक्के जपून ठेवा.

आणि पोरांची कागदं! आईबाप स्वतःच्या व्हिसाचं बघतात आणि सिटिझन मुलाला भारतात शिरायला काय लागतं ते विसरतात. मार्च २०२० मध्ये ओसीआयवाल्यांनाच भारताने बंदी केली होती. त्या मे मध्ये आम्ही वंदे भारतच्या (अडकलेल्यांना भारतात नेणाऱ्या विमानांच्या) यादीत नाव घातलं होतं, आम्हा दोघांना चालेल म्हणाले, दहा महिन्यांच्या बाळाला नाही, ते परदेशी नागरिक. २२ मे ला भारतीय आईबापांच्या ओसीआय मुलांना सोडलं, आणि सरसकट सगळ्या ओसीआयवाल्यांना तर ऑक्टोबरमध्ये. आता ओसीआय चालतं आणि जुना पासपोर्ट बरोबर ठेवायची अटही यंदा काढली, पण ज्यांनी अजून ओसीआय केलंच नाही त्यांनी ई-टुरिस्ट व्हिसावर अवलंबून राहू नका, तो बंद आहे. तिकीट काढायच्या आधी हे.

एक पर्याय कोणी मोठ्याने बोलत नाही पण मला तोच बऱ्याचदा बरा वाटतो, एकानेच जाणं. ज्याचा स्टॅम्प चालू आहे त्याने. भेंडी निवडणाऱ्या मैत्रिणीचं शेवटी तेच ठरलं. तिचा स्टॅम्प पुढच्या मार्चपर्यंत आहे, मुलगी इथली, ओसीआय झालेलं. नवऱ्याचा स्टॅम्प २०२० लाच संपलाय. बाबा खरं तर त्याचे, ऑपरेशनच्या वेळी त्यानेच असायला हवं, यावरून घरात दोन दिवस अबोला झाला म्हणे, पण जाणार आहे ती, लेकीला घेऊन, आणि सासऱ्यांच्या उशाशी सून बसणार. तो इथे डबा खाऊन राहील.

आमचे दोघांचेही स्टॅम्प २०१९ लाच संपलेले. सिटिझन पोरगा आहे, बॅन लागत नाही, तरी बसलोय इथेच. आईला सांगून टाकलंय, १० सप्टेंबरला गणपतीची आरती यंदाही व्हिडिओ कॉलवरच, फक्त गेल्या वर्षीसारखा फोन समईला टेकवून ठेवू नकोस, तुझा फक्त पदर दिसतो.