ग्रामोफोनच्या कपाटाचं लाख पॉलिश, मंगळवार पेठेतले मिस्त्री, लय भारी काम

आमच्या आत्याच्या घरातनं आलेला एचएमव्हीचा उभा ग्रामोफोन, भोंगा आतच कपाटात असलेला. पॉलिश काळं पडून असं तडकलं होतं की सुसरीची पाठ. आधी एका फर्निचरवाल्याला दाखवला, तो म्हणाला मशीननं घासून पीयू, म्हणजे प्लास्टिकसारखं पॉलियुरेथेन पॉलिश, मारू. माझ्या पोटात गोळाच आला, कारण कडेला टवका उडालाय तिथं स्पष्ट दिसतंय की वरचं चांगलं लाकूड म्हणजे नुसतं व्हिनियर, चिकटवलेला पातळ पापुद्रा आहे, मशीन फिरली की गेलंच.

मग या मिस्त्रींकडं गेलो. बोळातली एक खोली, बोर्ड नाही. त्यांनी मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा कापूस टेकवला, पॉलिश चिकट झालं तसं म्हणाले, "ही लाख हाय, काढायची न्हाई, हिलाच परत बसवायची." आणि जुलै होता म्हणून काम घेतलंच नाही, पावसाळ्यात लाख ओल धरते आणि पांढरी पडते, दसऱ्यानंतर आणा म्हणाले. गिऱ्हाईक दारात असताना परत पाठवणारा माणूस, तिथंच विश्वास बसला.

काम बघायला मी तीनदा गेलो. आधी टर्पेंटाइननं वर्षानुवर्षांचं मेण आणि काजळी काढली, मग स्पिरिटमध्ये थोडी चपडा लाख (लाखेच्या पातळ पापड्या) घालून ब्रशनं फिरवलं तसं जुनं तडकलेलं पॉलिश विरघळून आपोआप सपाट बसत गेलं, खालच्या लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या, बघताना अंगावर काटा आला खरंच. शेवटी मलमलीत कापूस गुंडाळून, जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लावून, पातळ पातळ हात. झाकणाच्या आतल्या एचएमव्हीच्या कुत्र्याच्या चित्राजवळ स्पिरिट जाऊच दिलं नाही, ते चित्र एका पुसण्यात जातं. जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्यांतही लाखच असते, त्या स्पिरिटनं पुसू नका हेही त्यांनीच सांगितलं, मी तेच करणार होतो!

साडेसहा हजार झाले, मला जास्त वाटले नाहीत. तीन आठवडे म्हणाले आणि पाच लागले, फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. एकच गोष्ट मनाला लागली, बिजागरीचे जुने पितळी स्क्रू हरवले आणि नवे चकचकीत लावले, ते डोळ्यात खुपतात. तुम्ही काही देणार असाल तर स्क्रू आधीच काढून पुडीत बांधून घरी ठेवा.