लहानपणीच्या पिक्चरची खरी गोष्ट, फोर्टच्या फुटपाथवरून दीडशेत

'द साऊंड ऑफ म्युझिक' हा इंग्लिश पिक्चर आमच्याकडे दादरला दर मे महिन्यात कॅसेट लावून बघायचो, त्यामुळे फ्लोरा फाउंटनजवळ जुन्या पुस्तकांत त्यातल्या नायिकेचं, म्हणजे खऱ्या मारिया फॉन ट्रापचं 1949 चं आत्मकथन दिसलं तेव्हा भाव पण केला नाही. दोन रात्रीत संपवलं आणि अजून डोक्यातून जात नाहीये.

पिक्चरमध्ये मारिया, तिचा नवरा आणि मुलं डोंगर चढून स्वित्झर्लंडला जातात ना, खरं तर 1938 मध्ये ते सरळ ट्रेनने इटलीला गेले, आणि त्यांच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमागचा डोंगर ओलांडला असता तर थेट हिटलरच्या जर्मनीतच पोचले असते! मारिया सगळ्या मुलांची गव्हर्नेस (घरी राहून मुलांना सांभाळणारी, शिकवणारी बाई) नव्हतीच, आजारी असलेल्या एकाच मुलीला शिकवायला आलेली. आणि मुलांच्या बापाशी तिचं लग्न 1927 चं, म्हणजे देश सोडायच्या 11 वर्षं आधी. बँक बुडून पैसा गेला, मग घरात भाडेकरू ठेवले, हे वाचताना मला आमच्या चाळीतलेच दिवस आठवले. बाप तर पिक्चरसारखा कडक नव्हताच, प्रेमळ होता बिचारा, त्याच्यावर अन्यायच झालाय.

बाइंडिंग सुटलंय, पानं पिवळी, तरी पाचपैकी पाच. आईला फोनवर रोज थोडं थोडं सांगतेय.