लॅपटॉपचं नेट शेजारच्या डेस्कटॉपला: आठ महिन्यांच्या वापरानंतर

राउटर घराच्या एका टोकाला आणि ताईचा डेस्कटॉप दुसऱ्या टोकाला. त्या डेस्कटॉपला वायफाय नाही, आणि राउटरपासून तिथवर तार न्यायची तर दोन भिंतींना भोकं पाडावी लागणार. माझा लॅपटॉप त्याच टेबलावर असतो आणि त्याला वायफाय बऱ्यापैकी पकडतं. म्हणून दोन्ही मशीनमध्ये लॅनची एक केबल टाकली, लॅपटॉपवर विंडोजचं ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ चालू केलं आणि तेच नेट तिला दिलं. याला आता आठ महिने झाले.

आज ही सोय उत्तम चालते. पण पहिले दोन महिने ताईला खूप त्रास झाला, आणि त्यातला बराचसा माझ्यामुळे. ती म्हणायची, “तुझं चालतंय ना, मग माझं का नाही?” आणि मी म्हणायचो, “माझं चालतंय म्हणजे दोष तुझ्याच मशीनमध्ये.” हे वाक्य मला तेव्हा अगदी बिनतोड वाटायचं. आठ महिन्यांत ज्या अडचणींनी खरोखर छळलं, त्यांतल्या बहुतेक माझ्या लॅपटॉपमध्ये निघाल्या. जिथे नेट सुरळीत चालत होतं, तिथे.

ही सोय नवी नाही. १९९९ साली विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती आली, तेव्हा फोनच्या मोडेमवर चालणारी एकच जोडणी घरातल्या दोन कॉम्प्युटरनी वाटून घ्यायची असायची. तत्त्व आजही तेच आहे. नेट देणारा कॉम्प्युटर छोट्या राउटरचं काम करतो: दुसऱ्याला पत्ता (नेटवर्कमध्ये मशीन ओळखणारे आकडे) देतो, त्याच्या मागण्या स्वतःच्या नावावर बाहेर पाठवतो आणि आलेली उत्तरं त्याला परत करतो. विंडोज ७ पासून देणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.१३७.१ असतो आणि घेणाऱ्याला १३७ च्याच मालिकेतला पत्ता मिळतो. एक्सपीच्या काळात तो १९२.१६८.०.१ असायचा, आणि कित्येक राउटरचाही पत्ता तोच असल्यामुळे दोघांची टक्कर व्हायची. जुन्या सूचना वाचून हाताने पत्ते टाकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पहिल्याच दिवशी एक चूक झाली. शेअरिंगची टिक मी लॅन कार्डावर केली होती, कारण ताईला नेट त्या कार्डातून जाणार होतं. टिक करायची असते ती ज्या जोडणीतून नेट आत येतं तिच्यावर. माझ्या बाबतीत वायफायवर. मग खालच्या यादीत लॅन कार्ड निवडायचं. उलट केलं की सगळं जोडल्यासारखं दिसतं आणि काहीच चालत नाही.

टिक सरळ केली तरी डेस्कटॉपवर नेट येईना. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (मशीनचा पत्ता दाखवणारा आदेश) चालवलं तर पत्ता १९२.१६८.१.५० असा दिसला. तो डेस्कटॉप पूर्वी दुसऱ्या जोडणीवर होता आणि तेव्हाचा पत्ता हाताने पक्का करून ठेवलेला होता. ‘पत्ता आपोआप घ्या’ असं केल्यावर प्रश्न मिटला. अशा वेळी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर अर्थ वेगळा. घेणाऱ्या मशीनने पत्ता मागितला, कुणीच दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक धरला. म्हणजे केबल लागलेली आहे, पण पत्ता देणारा झोपलाय. हे आकडे ओळखता येऊ लागल्यावर माझा निम्मा वेळ वाचला.

त्यानंतर आठवडाभर सगळं ठीक चाललं आणि मग नेट अधूनमधून जायला लागलं. ताई भाषांतराचं काम करते आणि ठरलेल्या वेळेला फाइल पोचवावीच लागते. ती म्हणायची, “मला फोन आला की नेट जातं.” फोनचा आणि नेटचा काय संबंध, असं म्हणून मी ते मनावरच घेतलं नाही. डेस्कटॉपचं लॅन कार्ड काढून बसवलं, ड्रायव्हर पुन्हा टाकला, फायरवॉल बंद करून पाहिली. दर वेळी माझा लॅपटॉप रीस्टार्ट करून शेअरिंगची टिक काढून परत केली की नेट यायचं आणि मला वाटायचं, जमलं.

शेवटी ताईनेच एका वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. किती वाजता उठली, किती वाजता परत बसली, नेट होतं की नव्हतं. तीन दिवसांचं पान तिने माझ्यासमोर ठेवलं. उठून दोन मिनिटांत परत आली त्या ओळींपुढे ‘आहे’, आणि दहा-पंधरा मिनिटं लागली तिथे प्रत्येक वेळी ‘नाही’. फोन आला की ती बाहेरच्या खोलीत जाते, आणि जाताना डेस्कटॉप स्लीपवर टाकते. तिचं निरीक्षण पहिल्यापासून बरोबर होतं. मी ऐकून घेतलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

कारण असं: विंडोज १० मध्ये या शेअरिंगची सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड चालणारा प्रोग्राम, चार मिनिटं कुणीच वापरली नाही तर बंद पडते आणि आपली आपण पुन्हा सुरू होत नाही. लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावरही तेच होऊ शकतं. खिडकीत टिक दिसत राहते, त्यामुळे शंकाही येत नाही. उपाय दोन भागांत आहे आणि दोन्ही नेट देणाऱ्या मशीनवर करायचे. सर्व्हिसेसच्या यादीत ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ शोधून तिचा स्टार्टअप प्रकार ‘ऑटोमॅटिक’ करायचा. मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या सगळ्या सेटिंग जिथे साठवलेल्या असतात तिथे) लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, शेअर्डअ‍ॅक्सेस या वाटेने जाऊन ‘एनेबलरीबूटपर्सिस्टकनेक्शन’ नावाची डीवर्ड (आकडा ठेवणारी) नोंद करायची आणि तिची किंमत १ ठेवायची. ही नोंद विंडोज १० च्या १७०९ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत चालते. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. हे केल्यापासून फोनमुळे नेट गेलेलं नाही.

त्यासोबत लॅपटॉपच्या लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही टिकही काढली. आणि लॅपटॉप झोपला की ताईचं नेटही झोपणार, हे उघड आहे. चार्जर लावलेला असताना तो झोपणार नाही असं करून ठेवलंय.

दुसरा चकवा नावांचा. एके दिवशी ताईची एकही साइट उघडेना, पण ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर पिंग केलं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहिलं, तर उत्तर व्यवस्थित येत होतं. म्हणजे रस्ता मोकळा होता, साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा, म्हणजे डीएनएस, गप्प होता. घेणाऱ्या मशीनला हे काम करून देणाराही लॅपटॉपच असतो. डेस्कटॉपच्या डीएनएसच्या रकान्यांत ८.८.८.८ आणि १.१.१.१ हाताने टाकले आणि त्या कामातून लॅपटॉपला मोकळं केलं.

या सगळ्यातून तपासण्याचा एक क्रम हाताला बसला आणि आता ताईसुद्धा तोच वापरते. आधी लॅन पोर्टचा दिवा. मग आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता १३७ च्या मालिकेतला आहे का. मग १९२.१६८.१३७.१ ला पिंग, म्हणजे लॅपटॉपपर्यंत पोचतंय का. मग ८.८.८.८ ला, म्हणजे घराबाहेर जातंय का. सगळ्यात शेवटी एखाद्या साइटच्या नावाला. जिथे उत्तर थांबतं, त्याच्या अलीकडे-पलीकडे दोष. एक सावधगिरी: फायरवॉल कधी कधी लॅपटॉपकडून पिंगचं उत्तर येऊ देत नाही. तिसरी पायरी चुकली पण चौथी जमली तर घाबरू नका.

कामाचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) मी चालू केलं की ताईचं नेट जायचं. याचं समाधान मला सापडलेलं नाही. व्हीपीएन लॅपटॉपची बाहेर जायची वाट बदलतं आणि तिच्या मागण्या मध्येच अडकतात. मी आता व्हीपीएन लागेल तेवढ्यापुरतंच लावतो आणि आधी तिला सांगतो.

केबलबद्दल थोडं. पूर्वी दोन कॉम्प्युटर थेट जोडायला क्रॉस केबल लागायची. आताची लॅन कार्डं तारांची अदलाबदल स्वतःच करून घेतात, साधी केबल चालते. आमची केबल मात्र घरात पडून असलेली होती आणि तिच्यावर वेग १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसायचा. नेटला त्याने फरक पडत नव्हता, पण दोन मशीनमध्ये मोठी फाइल पाठवताना फार वेळ जायचा. प्लग उजेडात धरून पाहिला तर शेवटची तपकिरी तार पितळी दातापर्यंत पोचलीच नव्हती, प्लास्टिकमध्ये केसभर अलीकडे थांबलेली दिसत होती. १०० मेगाबिटला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. केबल बदलली, वेग आला.

ताई मोठी फाइल अपलोड करू लागली की माझा व्हिडिओ कॉल अडखळायचा. अपलोडची वाट अरुंद, एका मशीनने ती भरली की दुसऱ्याची छोटी छोटी पाकिटं रांगेत मागे राहतात. तिच्या फाइल चढवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अपलोडला एकूण वेगाच्या सुमारे ८० टक्क्यांची मर्यादा घातली. तिचं काम थोडं लांबतं, पण कॉल तुटत नाही. राउटरमध्ये रांग नीट सांभाळणारी सोय असेल तर ती चालू करणं अधिक चांगलं.

एक कमतरता या पद्धतीतच आहे. डेस्कटॉप आता राउटरच्या नेटवर्कमध्ये नसून लॅपटॉपच्या मागच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये आहे. त्यामुळे वायफायवरचा प्रिंटर त्याला आपोआप दिसत नाही. प्रिंटरचा पत्ता हाताने टाकून जोडला की छपाई होते, आणि तो पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये राखून ठेवावा लागतो. उलट दिशेने, म्हणजे वायफायवरच्या फोनवरून डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये जाणं, आम्ही सोडून दिलं.

दोन्ही मशीन एकाच टेबलावर असतील आणि देणारं मशीन दिवसभर चालू राहणार असेल तर ही सोय मी मनापासून सुचवीन. देणारा लॅपटॉप रोज उचलून बाहेर न्यायचा असेल तर नका करू. यूएसबीचं छोटं वायफाय उपकरण डेस्कटॉपलाच लावा, मधला माणूसच निघून जाईल.

गेल्या महिन्यात विंडोजचा मोठा अपडेट आला आणि शेअरिंग पुन्हा बंद पडलं. मी घरी नव्हतो. ताईने वही काढली, दिव्यापासून सुरुवात केली, तिसऱ्या पायरीला अडकली आणि माझ्या लॅपटॉपसमोर बसून सर्व्हिस स्वतः सुरू केली. मला फोन आला तेव्हा फाइल पोचलेली होती.