१७,५०० रुपयांचे दहा खिळे

माझी नोकरी क्वालिटीत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मालाबरोबर येणारी टेस्ट सर्टिफिकेटं तपासायची आणि आकड्याला आकडा जुळला नाही तर माल गेटवरूनच परत पाठवायचा, हेच गेली १९ वर्षं करतोय. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून ‘एवढंही कळलं नाही?’ असं तुम्ही म्हणणारच. बायको रोज म्हणते.

गाडी जुनी ऑक्टाव्हिया आरएस. १७८१ सीसी, २० व्हॉल्व्ह, टर्बो. सेकंडहँड घेतली, जीव लावला, पण ऑइल बदलायला दोनदा उशीर केला. तो दोष माझा. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला ऑइलचा लाल दिवा लुकलुकला आणि खालून टकटक सुरू झाली. रबाळ्याच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीनं इंजिनाखालचं ऑइलचं भांडं (संप) उतरवलं तर ऑइलची जाळी गाळानं अर्धी बुजलेली. मेन बेअरिंगच्या वाट्या काढून त्यानं माझ्या हातात ठेवल्या. राखाडी थर झिजून आतलं तांबं दिसत होतं. इंजिन पूर्ण खोलायचं ठरलं.

ज्यांनी इंजिन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ओतीव धड, उलटा ठेवला की या इंजिनात पाच अर्धगोल घळी दिसतात. त्यात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा, बसतो, त्यावर झाकणासारखे पाच मेन कॅप आणि प्रत्येक कॅपला दोन बोल्ट. म्हणजे दहा. सिलिंडरमधला प्रत्येक स्फोट क्रँकला खाली हाणतो आणि त्याला जागच्या जागी धरून ठेवायचं काम या दहांचं. कंपनीचे बोल्ट ६५ न्यूटन-मीटरवर आवळून वर आणखी ९० अंश फिरवायचे असतात. त्यात ते मुद्दाम ताणले जातात, म्हणून एकदाच वापरायचे आणि खोलले की नवे घालायचे.

वागळे इस्टेटमधले मशीनवाले काका (ब्लॉकचं काम त्यांच्याकडे होतं) सरळ म्हणाले होते, “साहेब, कंपनीचे दहा नवे बोल्ट आणा, विषय संपला. तुम्हाला काय रेसला जायचंय?”

रेसला जायचं नव्हतं. पण रात्री अकरानंतर मोबाईलवर इंजिनं बघणाऱ्या माणसाला कोण समजावणार? बोल्टऐवजी स्टड (डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) घालायचे हे डोक्यात बसलं होतं. त्यात तथ्य आहेच. बोल्ट आवळताना तो एकाच वेळी पिळतोही आणि ताणलाही जातो. स्टड ब्लॉकमध्ये नुसत्या बोटांनी बसवायचा असतो, वरून फक्त नट फिरतो, त्यामुळे तो जवळजवळ सरळच ताणला जातो आणि पकड जास्त भरवशाची मिळते. ब्लॉकमधले आटेही पुन्हा पुन्हा झिजत नाहीत. ज्यांनी मोठा टर्बो लावून ताकद दुप्पट केलीय त्यांच्यासाठी हा खर्च योग्यच. माझ्या १५० पीएसच्या इंजिनाला त्याची काडीची गरज नव्हती. हे आता लिहितोय.

यात नाव घेतलं जातं ते एआरपीचं. कॅलिफोर्नियातली कंपनी, १९६८ पासून असे बोल्ट-स्टडच बनवते. ८७४० नावाचं क्रोम-मोली स्टील, ताकद साधारण १,९०,००० पीएसआय. बाहेरून मागवायचं तर कस्टम्स, कुरियर आणि महिनाभर वाट. एका जाहिरातीत दिसलं की नवी मुंबईतच एका दुकानात सेट ‘रेडी स्टॉक’ आहे.

शनिवारी गेलो. गाळा छोटा, पण आत एसी, भिंतीवर रेसच्या गाड्यांचे फोटो, काउंटरवर एक कापलेला पिस्टन शोभेला. मालक तिशीतला, बोलायला मिठ्ठास. बॉक्स उघडून त्यानं दहा काळेशार स्टड माझ्यासमोर ओळीनं मांडले, नटावर बारीक अक्षरं दाखवली. मी सवयीनं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. त्यानं लगेच एक झेरॉक्स काढून दिली, शिक्क्यासकट! मी घडी घालून खिशात ठेवली. वाचली नाही. हे वाक्य पुन्हा वाचा: १९ वर्षं सर्टिफिकेटं वाचून पोट भरणाऱ्या माणसानं स्वतःच्या पैशानं घेतलेल्या मालाचं सर्टिफिकेट वाचलं नाही.

“सर, पक्कं बिल हवं असेल तर २१ हजार. नको असेल तर साडेसतरा. माल तोच.”

साडेतीन हजार वाचले म्हणून मनातल्या मनात खूश झालो आणि स्कॅन करून पैसे पाठवले. खातं दुकानाच्या नावावर नव्हतं, कुणा व्यक्तीच्या नावावर होतं. तेही दिसलं आणि तेही सोडून दिलं.

काकांनी स्टड घालून कॅप आवळले आणि लाइन होनिंग करून दिलं. हे करावंच लागतं. स्टडची पकड बोल्टपेक्षा वेगळी असते, त्यामुळे कॅपखालचं भोक शतांश मिलिमीटरनं का होईना वाकडं होतं, ते पुन्हा गोल करायचं. बॉक्समधल्या कागदावर ६० फूट-पौंड छापलं होतं, म्हणजे ८१ न्यूटन-मीटर. काकांनी आट्यांना नेहमीसारखं इंजिन ऑइल लावलं, टॉर्क पाना लावला, ठरलेला जोर भरल्यावर पाना ‘टक्’ बोलला. सगळं ठीक. डायल गेजवर पाचही भोकं बरोबर.

दोन आठवड्यांनी रबाळ्याला क्रँक बसवायचा दिवस. मी रजा टाकून हजर. आता मी शहाणपणा केला: आट्यांना साधं ऑइल लावायचं नाही, मोलीचं (मॉलिब्डेनमवालं, जास्त निसरडं) ग्रीस लावायचं, कंपनीवाले तसंच सांगतात. ते बरोबरच आहे. ते ग्रीस घेऊनच गेलो होतो. मिस्त्रीनं मधल्या, तीन नंबरच्या कॅपपासून सुरुवात केली. पहिला फेरा ३० ला, दुसरा ५५ ला, मग ८१ वर पाना सेट केला.

पाना बोललाच नाही.

मिस्त्री फिरवतोय, नट फिरतोय, पण हाताला जोर वाढल्यासारखा लागतच नाही. चावून मऊ झालेला उसाचा चोथा ओढावा तसं. त्यानं हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. “साहेब, हा आवळत नाहीये. हा ओढला जातोय.” आटे गेले असतील असं मी म्हणालो. त्यानं मान हलवली, शेजारचा नट धरला, तिथेही तेच. मग एक शब्द न बोलता दोन्ही नट सोडले, स्टड बाहेर काढले आणि फडक्यानं पुसून बाकीच्या आठांशेजारी काचेवर उभे केले. डोळ्यालाच कळत होतं. मायक्रोमीटरनं मोजलं तेव्हा ते दोन इतरांपेक्षा पाव मिलिमीटरहून जास्त लांब भरले. चांगला स्टड आवळल्यावर ताणला जातो, पण सोडला की मूळ लांबीवर परत येतो. हे आलेच नव्हते. नट बोटानं फिरवून बघितला तर चार आटे सरसर गेला आणि मग अडला, कारण तिथून पुढे आट्यांमधलं अंतरच बदललेलं.

तो भरलेला जोर नेमका कुठे गेला हे मला त्या रात्री कागदावर कळलं. १० मिलिमीटरच्या जाड आट्याच्या स्टडमध्ये भार घेणारं क्षेत्रफळ जेमतेम ५८ चौरस मिलिमीटर. बोल्टांच्या ताकदीच्या ग्रेडमधला साधा ८.८ चा माल ६४० मेगापास्कलच्या, म्हणजे पावणेचार टनांच्या, पुढे कधीही हार मानतो. १२.९ चा माल जवळजवळ साडेसहा टनांपर्यंत तग धरतो. आता गंमत अशी की पाना टन दाखवत नाही, पिळायला लागलेला जोर दाखवतो आणि त्यातला बराचसा घर्षणात जातो. काकांनी साध्या ऑइलवर आवळलं तेव्हा घर्षण जास्त, म्हणून स्टडवर ओढ चारेक टनांचीच आली आणि तो कसाबसा टिकला. मोली लावल्यावर घर्षण घटलं, त्याच आकड्यावर ओढ साडेपाच-सहा टनांकडे निघाली आणि स्टडनं मान टाकली. मी हुशारी करून ग्रीस नेलं नसतं तर इंजिन जोडून झालं असतं, सुरूही झालं असतं, आणि पुढच्या वेळी गायमुखला नुसता दिवा लागून भागलं नसतं.

खिशातलं सर्टिफिकेट तेव्हा पहिल्यांदा उघडलं. ताकद: १,९०,००० पीएसआय. खाली, दोन ओळी सोडून, हार्डनेस, म्हणजे कठीणपणा: २४ ते २८ एचआरसी (रॉकवेल माप). १,९०,००० पीएसआय म्हणजे १३१० मेगापास्कल. त्या ताकदीच्या स्टीलचा हार्डनेस ४० च्या वर असतो. २६ हार्डनेसचं स्टील ८५०-८६० च्या आसपास तुटतं. चोरानं खोटी ताकद छापली आणि हार्डनेस मात्र खरा ठेवला! कारखान्यात असा कागद आला असता तर मी ट्रक आत येऊ दिला नसता.

दुसऱ्या दिवशी स्टड घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी खणातून १२.९ खोदलेला एक अॅलन बोल्ट काढला, व्हाइसमध्ये तो आणि माझा स्टड शेजारी शेजारी धरले आणि एकच कानस दोन्हींवर चालवली. बोल्टवर कानस किरकिरली, जेमतेम खरवडलं. स्टडवर लोण्यात सुरी जावी तशी गेली, खाली कीस पडला. भिंगातून आटे बघितले. चांगल्या कंपन्या स्टीलला पाणी दिल्यानंतर (तापवून कडक केल्यावर) आटे दाबून वळतात, त्यांची मुळं गुळगुळीत असतात. हे लेथवर कापलेले, मुळाशी आडवे ओरखडे. “साहेब, हे पाच मिनिटांचं काम होतं. आधी आणले असते तर मी चहा पिता पिता सांगितलं असतं,” काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. खरं तर स्टड त्यांच्याकडे आधी आलेच होते, होनिंगला. पण माल मी ‘ओरिजिनल’ म्हणून दिला आणि गिऱ्हाइकाच्या मालावर कानस कोण चालवेल?

एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये एक स्टड कापून तपासून घेतला. रीतसर रिपोर्ट: हार्डनेस २५, २६, २५. म्हणजे सरळसरळ ८.८ चा माल, वर काळा रंग.

मग दुकानात. आधी फोनवर फोटो मागितले, “बॉक्ससकट पाठवा सर, कंपनीला क्लेम टाकतो.” जेवणाच्या टेबलावर बॉक्स ठेवून छान उजेडात चार फोटो काढले आणि पाठवले. आठवडाभर उत्तर नाही. प्रत्यक्ष गेलो तर सूर बदललेला. “तुमच्या मिस्त्रीनं जास्त आवळलं असणार. आमचे शंभर सेट गेलेत, एक तक्रार नाही.” लॅबचा रिपोर्ट पुढे केला. त्यानं तो हातातही घेतला नाही. “हे आमच्याकडूनच घेतलंय कशावरून? बिल दाखवा.”

साडेतीन हजार रुपये मी नेमके कशासाठी वाचवले होते ते तेव्हा समजलं.

तरी सगळं संपलेलं नाही. पैसे पाठवल्याची नोंद, चॅट आणि त्यानं पाठवलेला ‘सर, सेट रेडी आहे’ हा मेसेज, एवढं जवळ होतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील मित्रानं अर्ज वाचला आणि पहिला प्रश्न तोच विचारला, बिल कुठाय. अर्ज तरीही करतोय. उरलेले नऊ स्टड पिशवीत सील करून ठेवलेत. ब्लॉक पुन्हा काकांकडे गेला, कॅप किंचित घासून कंपनीच्या नव्या बोल्टांवर दुसऱ्यांदा लाइन होनिंग झालं. स्टडचे १७,५००, दुसऱ्या होनिंगचे ८,५००, लॅबचे १,८०० आणि सहा आठवडे रिक्षा-लोकल. गाडी आता चालू आहे, ऑइलचा दाब उत्तम. काकांनी पहिल्या दिवशी सांगितलेले तेच दहा बोल्ट आत आहेत.

परवा सहज त्या दुकानाची जाहिरात पुन्हा दिसली. ‘शंभर टक्के ओरिजिनल, मर्यादित स्टॉक’, किंमत आता १८,९००. फोटो नवा आणि चांगला स्पष्ट. बॉक्सच्या खाली निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ दिसतोय, उजव्या कोपऱ्यात लोणच्याच्या बरणीचं झाकण. ती बरणी आमची. नवी मुंबईत कुणी तुम्हाला हा फोटो पाठवला, तर त्यातला माल माझ्या कपाटात आहे.