नाणं खणखणीत, साल खोटं

एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो, बहुतेक सातारा–फलटण आणि सातारा–महाबळेश्वर. संध्याकाळी आगारात वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, जुळवताना बॅगेत खोटं नाणं निघालं की भुर्दंड आपल्याला, म्हणून कान तयार झालेला. गर्दीत कोणी हातावर टाकलेल्या पैशांतलं एखादं बद्द वाजलं, की न बघता परत द्यायचो. काही वेगळं दिसलं, १९८२च्या आशियाई खेळांचं दोन रुपयांचं वगैरे, तर आपले दोन रुपये बॅगेत टाकून ते घरी न्यायचं. संग्रह असाच जमला. निवृत्तीनंतर वेळ होता, फंडातले थोडे पैसे होते आणि सुनेने फोनवर नाण्यांच्या लिलावाचं एक अ‍ॅप घालून दिलं. त्याला आता तीन वर्षं होतील.

हा त्या अ‍ॅपचा अनुभव. नाव देत नाही, कारण अशीच आणखी दोन वापरून पाहिली, पाटी सोडली तर फरक फारसा नाही.

आधी चांगलं सांगतो. बघायला पैसे पडत नाहीत. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या कितीतरी नाण्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या छापावरच त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे, हे वाचून माहीत होतं. तसलं एक नाणं लिलावाला आलं तेव्हा दोन बोटांनी मोठं करून अर्धा तास बघत बसलो. राजाच्या गालावर दुसऱ्या राजाचा शिक्का! घ्यायची ऐपत नव्हती, पण बघितलं तर खरं. एवढ्यासाठी एक तारा मी कधीच कापणार नाही.

आता घेण्याकडे येऊ. पहिला फटका शिवराईचा, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचा. लिलावाला मांडलेल्या मालाचं, म्हणजे लॉटचं, नाव ‘छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातील १० शिवराई’. फोटोत वरचं एकच नाणं स्पष्ट, बाकीची त्याच्याखाली पसरलेली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ वाचता येत होतं. मराठी माणसाचा हात इथे थरथरतो, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. घरी आली ती सगळी दुदांडी. म्हणजे मागच्या बाजूला ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली, पेशवाईतली, पुढेही बरीच वर्षं चाललेली. अक्षरं तीच, नाव महाराजांचंच, पण पाडली कितीतरी नंतर. अशी शिवराई दख्खनेत ढिगाने सापडते. तक्रार केली तर उत्तर आलं, “सर, नाण्यावर महाराजांचं नाव आहे की नाही?” आहे बाबा. त्यांनी ‘काळातील’ लिहिलं होतं, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मागच्या बाजूचा फोटो मागितला नाही ही चूक माझी. तेव्हापासून पुढची, मागची आणि कडेची अशी तीन चित्रं आणि ग्रॅममधलं वजन दिलेलं नसेल तर मी बोलीला हातच लावत नाही.

दुसरा फटका मोठा, आणि त्यात माझा कानसुद्धा फसला.

सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया. संग्राहकांत त्याचा दबदबा आहे, कारण १९३८चा रुपया सहज मिळतो आणि १९३९चा मिळता मिळत नाही. पुढे १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, नक्कल अवघड व्हावी म्हणून कडेवर सुरक्षा-खाच आली, म्हणजे जुन्या भरीव चांदीचा हा शेवटचाच रुपया. लिलावात तो १३,५०० वर रेंगाळत होता. खऱ्याला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात हे मला माहीत होतं. माहीत असूनही सुनेला म्हणालो, “वाढव आणखी पाचशे.” ती म्हणाली, “आप्पा, एवढं दुर्मिळ आहे तर बाकीचे का गप्प बसलेत?” मी ऐकलं नाही. १४,००० ला हातोडा पडला. त्यावर लिलाववाल्यांचं कमिशन, कमिशनवर जीएसटी, कुरिअर, विमा, असं करत बिल गेलं १६,७०० च्या वर. पडलेला भाव आणि भरायचा आकडा यांच्यात एवढं अंतर असतं हे पहिल्या लॉटच्या वेळीच शिकायला हवं होतं.

नाणं आलं. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने टिचकी मारली. काय वाजलं म्हणून सांगू! लांब, बारीक, विरत जाणारा आवाज. मग सुनेने दागिन्यांसाठी घेतलेला छोटा वजनकाटा आणला. टांकसाळीतून निघताना अशा रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, हा जरा झिजलेला, भरला ११.५८. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य केला, नाणं दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडलं, काटा म्हणाला १.१२. एकाला दुसऱ्याने भागलं की १०.३४ येतं. ९१.७ टक्के चांदी, उरलेलं तांबं, याचं घनत्व बरोबर तेवढंच. मी सुनेकडे असं बघितलं की जणू ते नाणं मीच पाडलंय.

चार दिवसांनी पुण्याला नाण्यांच्या प्रदर्शनात गेलो. ओळखीच्या एका जुन्या व्यापाऱ्याला दाखवलं. त्याने वाजवलं नाही, वजन केलं नाही. दहापटीचं भिंग डोळ्याला लावून फक्त सालाकडे बघितलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. शेवटच्या आकड्याच्या डाव्या बाजूला, खाली, धातूवर बारीक ओरखडे होते, आजूबाजूच्या सपाट भागापेक्षा तेवढीच जागा जरा खोलगट आणि चकचकीत. इंग्रजी आठाचा खालचा गोल डावीकडून खरवडून त्याचा नऊ केला होता. नाणं खरं, चांदी खरी, टांकसाळ खरी. १९३८चा अस्सल रुपया, साल तेवढं कोणीतरी घरी बसून बदललेलं. माझ्या सगळ्या परीक्षांत तो पास होणारच होता, कारण तो खोटा नव्हताच.

“काका, खोटं नाणं वाजवून कळतं,” व्यापारी म्हणाला, “खोटं साल कसं वाजणार?”

परतीचं धोरण अ‍ॅपवर अगदी खाली, बारीक अक्षरांत आहे: सात दिवसांत लेखी तक्रार, सोबत तज्ज्ञाचा दाखला. सहावा दिवस होता. त्या व्यापाऱ्याने तिथेच कागद लिहून दिला म्हणून वाचलो. दोन महिन्यांनी १४,००० परत आले. कमिशन आणि कुरिअर आले नाहीत. विचारलं तर म्हणे, सेवा दिली गेली आहे.

बोली लावण्याची तऱ्हाही सांगतो. आपली कमाल रक्कम आधी भरून ठेवायची सोय आहे, मग अ‍ॅप आपल्या वतीने थोडं थोडं वाढवतं. एकदा ६,००० भरले, भाव ५,८०० ला येऊन थांबला. पुढच्या वेळी ४,५०० भरले, थांबला ४,४०० ला. तिसऱ्यांदा काहीच भरलं नाही, शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्वतः बोली लावली, जवळपास तसलंच नाणं २,१०० ला मिळालं. आपली कमाल रक्कम बघून कोणीतरी भाव चढवत नेतं, असा माझा संशय. पुरावा काही नाही. पण फुकट्या प्रवासी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतो तेव्हा तरी कुठे पुरावा असतो?

विकायला गेलो तर आणखी वेगळी गंमत. आमच्याकडे व्हिक्टोरियाचे १८६२चे पाच रुपये आहेत, आईच्या वेळचे. दर लक्ष्मीपूजनाला टूथपावडरने घासून, ओल्या फडक्याने पुसून, हळद-कुंकू लावून ते पाटावर मांडले जातात. पन्नास-साठ दिवाळ्या घासलेले ते रुपये आरशासारखे लखलखतात. मला वाटलं, यालाच जास्त भाव. लिलाववाल्यांनी वर्णनात ‘साफ केलेली’ असा शेरा मारला आणि सुरुवातीची किंमत लावली निव्वळ चांदीच्या भावाने. संग्राहकाला त्या नाण्यावरची जुनी काळपट झाक हवी असते, आणि आमच्या घरी ती राहू दिली तर सासूबाईंनी बायकोला काय ऐकवलं असतं, ते सांगायला नको. मी ते पाचही परत मागवले. पाटावरच बरे.

एक मात्र विकलं आणि पस्तावलो. पाचव्या जॉर्जचा १९११चा, ‘डुक्कर रुपया’. राजाच्या झग्यावर हत्ती कोरलाय, पण सोंड एवढी आखूड की लोकांना डुक्कर दिसलं, बोंबाबोंब झाली, नाणी परत घेतली आणि पुढच्या वर्षीपासून हत्तीची सोंड नीट केली. माझ्याकडचा कडेला खोक असलेला, घड्याळात चार वाजतात तिथे. घेणाऱ्याने पाचव्या दिवशी ‘नकली आहे’ म्हणून परत पाठवला. पाकिटातून निघाला तो खरोखरच नकली होता! साच्यात ओतलेला, अक्षरं साबणाच्या वडीवर असावीत तशी गुळगुळीत, भिंगाखाली बारीक बुडबुड्यांचे खड्डे. आणि चार वाजता खोक नाही. माझा रुपया गेला आणि कोणाचा तरी ओतीव रुपया आला. मी दिलेल्या फोटोंत ती खोक नव्हती, कारण भाव पडेल म्हणून मीच ती बाजू टाळली होती. त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. आता पाकीट बंद करताना सून व्हिडिओ काढते, खोक-ओरखडे सगळे जवळून दाखवून.

तोच रुपया दुबईतला पुतण्या केव्हापासून मागत होता, “काका, मला पाठवून द्या.” तेवढं एक शहाणपण झालं की पाठवला नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षं झालेलं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ते घरच्याला दिलं तरी. परदेशी लिलावांत आपली नाणी टाकणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत असतं देव जाणे.

आणि एक लिहायलाच हवं, जरी त्यात या अ‍ॅपचा दोष नसला तरी. मी नाणी विकतो हे कळल्यावर शेजारचे एकजण वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन आले. त्यांना फोन आला होता, पाच लाख मिळतील, आधी नोंदणीचे अडीच हजार भरा. त्यांनी भरले होते. मग ‘टॅक्स’चे सात हजार मागितले तेव्हा माझ्याकडे आले. ते नाणं आजही बाजारात फिरतं, दुकानदार पाच रुपये म्हणूनच घेतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याच फसवणुकीबद्दल जाहीर सूचना काढली होती. ती सूचना मी त्यांना मोबाइलवर वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग साडेतीन लाखाला तरी जाईल का?”

तारे देण्याआधी शेवटचं. मागच्या महिन्यात अ‍ॅप चाळताना १९३९चा रुपया पुन्हा दिसला. फोटो मोठा केला. राजाच्या कानाखालचा तो लहानसा डाग, आणि नवाच्या डावीकडे तीच चकचकीत जागा. माझाच, म्हणजे मी परत केलेला. बोली ९,००० वर होती. जुना दाखला जोडून ईमेल पाठवली, सुनेने फोनही केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉट काढून टाकलेला होता. उत्तर काही आलं नाही.

पाचपैकी दोन तारे. एक नहपानासाठी, दुसरा त्या काढलेल्या लॉटसाठी.