क्यूजीआयएस : प्लगइनची रचना कितपत उपयोगी?

जुने गावनकाशे स्कॅन करून त्यांवरील गटांच्या हद्दी आखण्यासाठी मी क्यूजीआयएस ही नकाशांच्या कामाची मुक्त संगणक प्रणाली रोज वापरतो. एवढ्या मोठ्या डेस्कटॉप प्रणालीला प्लगइनची, म्हणजे बाहेरून हवे तसे जोडता येणाऱ्या छोट्या पूरक प्रोग्रामांची, रचना खरोखरच लागते का, अशी शंका मला पूर्वी होती; आता ती राहिलेली नाही, तक्रार मात्र आहे.

गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या प्रणालीचा गाभा सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे, तर बाहेरची बहुतेक प्लगइन पायथन या दुसऱ्या भाषेत असतात. ठरलेल्या फोल्डरमध्ये माहितीची एक छोटी फाइल आणि पायथनच्या दोन-तीन फाइली ठेवल्या की मेनूत नवे बटण दिसू लागते. मूळ प्रणाली पुन्हा कंपाइल करावी, म्हणजे तिच्या कोडपासून नव्याने तयार करावी लागत नाही. गट क्रमांकांप्रमाणे नकाशे छापण्याचे बटण मला हवे असते, पण पाणीपुरवठ्याचे जाळे आखणाऱ्या अभियंत्याला ती अडगळच वाटेल, आणि त्याची साधने मला. वापरणाऱ्यांची कामे इतकी वेगळी असतील तर प्लगइनला पर्याय नाही. केवळ कोड नीटनेटका दिसावा म्हणून हा खटाटोप करणे मला पटत नाही.

गाभ्यात काय आणि प्लगइनमध्ये काय, ही सीमारेषा इथे कायमची आखलेली नाही, हे मला विशेष आवडले. स्कॅन केलेला नकाशा अक्षांश-रेखांशांवर बसवणारे जिओरेफरन्सर पूर्वी प्लगइन होते. ते पुढे गाभ्यात घेतले गेले. सर्वांनाच लागणाऱ्या साधनाची जागा तीच होय.

तक्रार आहे ती एकत्र कुटुंबाची. गिंप या चित्रे सुधारण्याच्या मुक्त प्रणालीत प्लगइन स्वतंत्र प्रक्रियेत, म्हणजे वेगळा प्रोग्राम म्हणून चालते, त्यामुळे ते कोसळले तरी मुख्य खिडकी सहसा शाबूत राहते. इथे मात्र पायथनची प्लगइन मुख्य प्रणालीच्याच प्रक्रियेत चालतात. अशाच एका प्लगइनने मध्येच ठाण मांडले, खिडकी गोठली आणि सेव्ह न केलेले चाळीसेक गट पुन्हा आखावे लागले. (सेव्ह न करणे ही माझी चूक, हे मान्य.) शिवाय फेब्रुवारी २०१८ मध्ये ३.० आवृत्ती आली, तेव्हा पायथन आणि खिडक्या-बटणे दाखवणारे क्यूटी या दोन्हींच्या आवृत्त्या बदलल्याने जुनी प्लगइन सुधारून घ्यावी लागली. ज्यांच्या लेखकांनी हात टेकले, ती तिथेच संपली.

म्हणून नवे प्लगइन घालण्यापूर्वी ते शेवटचे कधी अद्ययावत झाले, हे मी आधी पाहतो. प्रणाली सुरूच होईनाशी झाली, तर नोप्लगइन्स हा पर्याय देऊन ती उघडता येते. संशयित प्लगइनची खूण काढून टाकली की काम पुढे चालते.