आजोबांनी अर्धी ठेवलेली गोष्ट : जेस्मिन वॉर्डचं 'सिंग, अनबरिड, सिंग'

हे पुस्तक २०१७ चं. त्याच वर्षी त्याला अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, त्याआधी २०११ ला वॉर्डच्याच 'सॅल्व्हेज द बोन्स'ला मिळालेलं, आणि फिक्शनसाठी हा अवॉर्ड दोनदा घेणारी ती पहिली बाई. एवढं सांगून झालं की लोक भुताची कादंबरी, रोड नॉव्हेल, वर्णद्वेषावरची कादंबरी अशी लेबलं डकवायला लागतात. चुकीचं एकही नाही म्हणा. पण मला विचाराल तर ही आजी-आजोबांनी वाढवलेल्या एका पोराची गोष्ट आहे, आणि त्या आजोबांना एक जुनी हकिकत काही केल्या पुरी सांगता येत नाहीये. भूत वगैरे सगळं त्याच्या मागून येतं.

मिसिसिपी राज्याचा समुद्राकडचा भाग, ब्वा सोवाज नावाचं काल्पनिक गाव. वॉर्ड स्वतः त्याच किनाऱ्यावरच्या डीलील नावाच्या लहानशा गावात वाढलीय, त्यामुळे माती, झाडं, उकाडा, कोंबड्या-डुकरांचं आवार, यातलं काहीच माहिती काढून लिहिल्यासारखं वाटत नाही. जोजो १३ वर्षांचा, बहीण केयला ३ वर्षांची. आई लिओनी काळी, बाप मायकल गोरा, आणि बाप तुरुंगात. आई बारमध्ये काम करते, ड्रग्ज घेते, आणि गंमत म्हणजे ती राहते त्याच घरात, म्हणजे पोरं टाकून पळून गेलेली आई नाहीये ही, समोर असून नसलेली आहे, आणि ते जास्त बोचतं. जोजो तिला सरळ नावाने हाक मारतो, लिओनी. आजोबांना पॉप आणि आजीला मॅम. कोण कुणाच्या जागी आहे ते लेखिकेने एका ओळीतही समजावून सांगितलेलं नाही, हाका ऐकूनच कळतं. केयलाचं खरं नाव मिकेला, बापाच्या नावावरून ठेवलेलं, पण घरात ते फक्त आईच वापरते, बाकी सगळ्यांसाठी ती केयला. म्हणजे पोरीच्या नावावरूनसुद्धा आई एकटी पडलेली.

पहिलंच प्रकरण जबरदस्त आहे. जोजोचा तेरावा वाढदिवस आणि पॉप बकरा कापायला निघालेत, हा मागे मागे. आजोबांसारखं ताठ चालायचं, तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, रक्त बघून मागे सरायचं नाही, कारण आता आपण मोठे झालो हे पॉपना दिसलं पाहिजे. मग कातडं निघतं, आतडी बाहेर येतात, वास सुटतो, आणि पोराला काही ते झेपत नाही, बाहेर जाऊन ओकतो. पॉप यावर लेक्चर देत नाहीत, हसत नाहीत, पुढचं काम करत राहतात. आजोबा-नातवाचं सगळं नातं मला त्या काही पानांत कळलं. मग संध्याकाळी लिओनी केक आणते तो बाळंतपणाच्या पार्टीचा, वर बाळाचे बूट काढलेले. तेरा वर्षांच्या पोराला! आणि गाणं चालू असतानाच फोन वाजतो, मायकल सुटणार. पोराचा वाढदिवस तिथेच संपला.

मग लिओनी दोन्ही मुलांना आणि तिच्या मिस्टी नावाच्या मैत्रिणीला गाडीत घालून मायकलला आणायला राज्याच्या उत्तरेकडे निघते. जायचंय पार्चमनला, आणि हे नाव लेखिकेने बनवलेलं नाही, खरा तुरुंग आहे. मिसिसिपी डेल्टामध्ये सनफ्लॉवर काउंटीत, १९०१ पासून, साधारण १८,००० एकरांवर पसरलेला. कुंपणाच्या आत कोठड्या कमी आणि कापसाची शेतं जास्त, कैद्यांकडून राबवून घ्यायचं आणि त्यांच्यावर पहारा ठेवायला कैद्यांपैकीच काहींच्या हातात बंदुका द्यायच्या. गुलामगिरी कागदावर संपून कित्येक वर्षं झाली तरी काळ्या माणसांचं तिथलं जगणं बघितलं तर फरक शोधावा लागतो. कैद्यांच्या हातातल्या बंदुका काढून घ्यायला १९७२ मध्ये फेडरल कोर्टाचा निकाल यावा लागला. पॉप तिथे १५ वर्षांचे असताना गेलेले. आणि तिथे त्यांच्याहून लहान एक पोरगा होता, रिची, वय १२, घरात भावंडं उपाशी म्हणून खायचं चोरलं म्हणून आत.

ही रिचीची हकिकत पॉप जोजोला तुकड्यातुकड्याने सांगत आलेत. तोच भाग पुन्हा, थोडा पुढे, परत मागे, आणि एका ठरावीक जागी आले की गप्प. पुढे काय झालं ते नाहीच. जोजोला सगळं पाठ आहे, शेवट सोडून. पूर्ण पुस्तकाचा सस्पेन्स याच्यावर टांगलेला आहे, गाडीतल्या ड्रग्जवर नाही की पोलिसांवर नाही. वॉर्डचं खरं कसब मला इथे दिसलं, कारण आजोबा काय सांगतात यापेक्षा कुठे थांबतात याच्यावरून ते माणूस म्हणून कळत जातात. शेवट मी सांगणार नाही, फक्त तो कळल्यावर मागे जाऊन पॉपच्या घरातल्या बारीकसारीक गोष्टी परत वाचाव्याशा वाटतात, एवढं नक्की.

आजीचा भाग कमी आहे पण माझ्या मते जास्त भारी. मॅमला कॅन्सर, अंथरुणाला खिळलेली, एके काळी गावाला झाडपाल्याची औषधं देणारी बाई. तिने लेकीला सगळं शिकवायचा प्रयत्न केलेला आणि लेकीने अर्धवट ऐकलेलं. आता वाटेत केयला आजारी पडते, सारख्या उलट्या, अंगात ताप, आणि लिओनी रस्त्याच्या कडेला उतरून पाला शोधायला लागते. रानटी स्ट्रॉबेरीची पानं पाहिजेत, सापडतात ब्लॅकबेरीची, आई नक्की काय म्हणाली होती ते नीट आठवत नाही, तरी उकळून पोरीला पाजते. आणि जोजो काय करतो, आईची पाठ वळल्यावर बहिणीच्या घशात बोट घालून ते सगळं ओकून काढायला लावतो. मी हा प्रसंग दोनदा वाचला. इथे आई वाईट नाहीये, उलट पुस्तकात आई म्हणून धडपडण्याच्या मोजक्या वेळांपैकी ही एक, आणि पोराचा तिच्यावर इतका अविश्वास की औषधाला तो विषच समजतो. चूक कुणाची म्हणायची सांगा.

आणि म्हणूनच लिओनीला स्वतःच्या आवाजात प्रकरणं देणं हा लेखिकेचा फार धाडसी निर्णय वाटला. जोजोच्या बाजूने वाचत असताना आपण तिच्यावर नुसते चिडलेले असतो, मुलांना भूक लागलीय तहान लागलीय याचं तिला भान नाही, हात उचलते, वर ड्रग्ज. मग तिचं प्रकरण येतं आणि दिसतं की तिच्या भावाला, गिव्हनला, मायकलच्याच चुलतभावाने मारलं होतं, आणि मायकलच्या बापाने, जो आधी शेरीफ होता, ते शिकारीतला अपघात म्हणून दाबलं. ती नशेत असली की मेलेला भाऊ तिला समोर दिसतो, काही बोलत नाही, बघत बसतो. पोरं झोपेत एकमेकांना बिलगलेली बघून तिला जवळ जावंसं वाटतं आणि त्याच वेळी ओरडून दोघांना दचकवावंसंही वाटतं. असलं काही आईच्या तोंडी घालायला हिंमत लागते. तिला माफ करा असं पुस्तक म्हणत नाही, मीही केलेलं नाही.

परतीच्या वाटेवर पोलीस गाडी अडवतो तो प्रसंगही असाच. पॉपनी निघताना जोजोच्या सामानात गुपचूप एक छोटी पिशवी ठेवलेली असते, आत एक पीस, कुठल्यातरी जनावराचा दात आणि एक दगड, जवळ ठेव म्हणून. पोरगा घाबरून आधार म्हणून खिशातल्या त्या पिशवीकडे हात नेतो आणि पोलीस थेट त्याच्यावर पिस्तूल रोखतो. तेरा वर्षांचं लेकरू, हातात बेड्या. आजोबांनी सांभाळायला दिलेली वस्तूच जिवावर उठायची वेळ. यावर वॉर्ड भाषण ठोकत नाही, गाडी पुढे जाते.

आता तक्रारी, कारण आहेत. पहिली म्हणजे जोजो, लिओनी आणि रिची (हो, तोही बोलतो, कसा ते वाचा) तिघंही जवळजवळ एकाच काव्यमय सुरात बोलतात. जोजो बोलतो तेव्हा साधा पोरगा आणि मनात विचार करतो तेव्हा एकदम कवी, ओळीओळीला उपमा, कधी कधी एका वाक्यात दोन. लिओनीचंही तेच. ऑडिओबुकमध्ये तिघांना तीन वेगळे आवाज दिलेत त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो. दुसरी तक्रार रिचीच्या प्रकरणांची. पॉपच्या तोंडून ऐकलेला रिची काळजाला भिडतो आणि स्वतः समोर येऊन बोलायला लागला की धूसर होत जातो, पाणी, आकाश, साप, पक्षी, मला तिथे पानं उलटावीशी वाटली. शेवटाकडे तर मेलेल्यांची इतकी गर्दी होते की आजीच्या खोलीतला जो मोठा प्रसंग आहे त्याला हवा तेवढा श्वास मिळत नाही. मायकलही पातळच राहिलाय. २०१० मध्ये स्फोट झालेल्या डीपवॉटर होरायझन तेलाच्या रिगवर तो कामाला होता, ११ माणसं तिथे गेली, हा वाचला आणि मग ड्रग्जकडे वळला, इतका मोठा धागा हातात असून तो नीट वापरलाच नाही. त्याचे आईवडील मात्र थोडक्यात असूनही जमलेत, काळ्या आईच्या पोटची म्हणून सख्ख्या नातवंडांना दारात उभं न करणारे दुसरे आजोबा. पॉप आणि हा म्हातारा, दोघांना शेजारी ठेवलं की वेगळं काही सांगायची गरजच उरत नाही.

पुस्तक तीनशे पानांच्या आतबाहेर आहे पण तेवढ्यावरून दोन दिवसांत उरकेल असं समजू नका, भाषा दाट आहे, बोली आहे, सुरुवातीला वेग येत नाही. 'सॅल्व्हेज द बोन्स' आधी वाचायची गरज नाही, गाव तेच असलं तरी गोष्ट वेगळी. हिंसा आहे आणि ती डोळ्यासमोर उभी केलीय, मुलांना इजा होते असं वाचवत नसेल तर पॉपच्या गोष्टीचा शेवट फार जड जाईल. आणि भुताखेतांची अॅलर्जी असेल तर पहिली चार-पाच प्रकरणं तरी वाचाच, तोवर भूत फारसं आडवं येत नाही आणि तोवर तुम्हाला जोजोला सोडून जाता येणार नाही.